दिलीपकुमारांचं राजकारण कशाने मोजायचं?

दिलीपकुमारांच्या अभिनयावरून नाशिकमध्ये कधी भांडण होत नाही. भांडण होतं ते त्यांच्या राजकारणावरून, आणि देवळाली कॅम्पात ते जरा जास्तच पेटतं. एक जण अभिमानाने सांगतो की हा माणूस आपल्या बार्न्स स्कूलचा विद्यार्थी, त्यांच्या आई-वडिलांच्या कबरी इथल्याच कब्रस्तानात आहेत. दुसरा लगेच विचारतो, मग कारगिलच्या वेळी पाकिस्तानचा किताब परत का नाही केला? तिसरा राज्यसभेतल्या सहा वर्षांचा विषय काढतो. थोड्याच वेळात बाकीचं सगळं मागे पडतं आणि 'देशभक्त की गद्दार' एवढाच प्रश्न उरतो.

हे नाशिकमध्येच एवढं का टोचतं, त्याला कारण आहे. पेशावरचे फळव्यापारी गुलाम सरवर खान यांचं कुटुंब काही वर्षं देवळालीत राहिलं, आणि मुलगा युसूफ, म्हणजे पुढचे दिलीपकुमार, इथे शिकला. त्याच देवळालीत भारतीय लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बोफोर्स तोफांचा मारा करणाऱ्या तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र म्हणजे हेच गाव. ज्यांच्या घरातला माणूस तोफखान्यात होता त्यांना किताबाचा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक आहे. तो प्रश्न विचारणाऱ्याला संकुचित म्हणून उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. आणि त्या एका प्रश्नावर माणसाचं सगळं सार्वजनिक आयुष्य निकालात काढणंही पटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दिलीपकुमार हे एम. जी. रामचंद्रन किंवा एन. टी. रामाराव यांच्यासारखे नेते नव्हते. दक्षिणेतल्या या दोन नटांनी स्वतःचा पक्ष काढला, निवडणूक जिंकली, राज्य चालवलं. त्यामुळे त्यांचा हिशेब सरकारी निर्णयांवरून करता येतो. दिलीपकुमारांच्या हातात सत्ता कधीच नव्हती. जवळपास चार दशकांत ते राजकारणाच्या आसपास वेगवेगळ्या नात्यांनी आले: प्रचारक, नगरपाल (शेरीफ), एका चळवळीचे पाठीराखे, वादात ओढले गेलेले कलावंत आणि शेवटी खासदार. प्रत्येक ठिकाणी हातात काय होतं आणि धोका किती पत्करला हे वेगळं पाहावं लागतं. प्रगतिपुस्तकात गणिताचे आणि मराठीचे गुण वेगळे असतात तसं. नुसत्या बेरजेवरून मुलगा कशात कच्चा आहे हे कळत नाही.

१९६२ ची निवडणूक

सुरुवात उत्तर मुंबईच्या निवडणुकीपासून करावी लागते. काँग्रेसचे उमेदवार होते संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. समोर होते आचार्य कृपलानी, एके काळचे काँग्रेस अध्यक्ष, ज्यांच्यामागे आता विरोधी पक्ष उभे होते. दिलीपकुमार मेननांच्या प्रचाराला उतरले. नेहरूंबद्दल त्यांना विलक्षण आदर होता आणि मेनन हे नेहरूंचे लाडके. मेनन मोठ्या फरकाने जिंकले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. सैन्याकडे पुरेसे गरम कपडे आणि शस्त्रं नाहीत हे उघडं पडलं आणि नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चव्हाण तेव्हा लोकसभेचे सदस्य नव्हते. १९६३ च्या पोटनिवडणुकीत त्यांना बिनविरोध निवडून पाठवलं ते नाशिकने. म्हणजे ज्या मंत्र्यासाठी देवळालीच्या या विद्यार्थ्याने मतं मागितली, त्याच मंत्र्याच्या जागी आलेल्या माणसाला नाशिककरांनी लोकसभेत पोचवलं. आपल्या गावात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी.

आता दोष किती द्यायचा? फेब्रुवारी १९६२ मधल्या मतदाराला काय दिसत होतं ते पाहू. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री मेनन होते. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात काश्मीरवर त्यांनी केलेलं जवळपास आठ तासांचं भाषण लोकांच्या लक्षात होतं. युद्धाची कल्पना सामान्य माणसाला नव्हती. पण 'कुणालाच काही माहीत नव्हतं' असं म्हणणंही खरं नाही. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये मेननांशी झालेल्या संघर्षातून राजीनामा दिला होता, तो नंतर मागे घेतला गेला. वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला हे ठाऊक होतं. प्रचार करणारा कलावंत मतदाराकडे स्वतःची विश्वासार्हता तारण ठेवत असतो. मला वाटतं, इथे दिलीपकुमारांनी नेहरूंवरच्या निष्ठेला पहिलं स्थान दिलं आणि उमेदवार पारखायचा राहून गेला. त्यांच्या राजकारणातला हा सगळ्यात कमकुवत भाग आहे. आणि याच्यावर आज कुणी भांडत नाही, कारण यात धर्म येत नाही.

एक मात्र खरं, त्या प्रचाराच्या बदल्यात त्यांनी काही मागितल्याचं दिसत नाही. संसदेत ते गेले त्यानंतर तब्बल ३८ वर्षांनी. शिवाय त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी स्वतः निर्मिलेला 'गंगा जमुना' सेन्सॉरच्या कचाट्यात सापडला होता आणि तो सोडवून घेण्यासाठी त्यांना दिल्लीपर्यंत धडपड करावी लागली होती. सरकारशी झगडणारा माणूस वर्षभरात त्याच सरकारच्या मंत्र्यासाठी मतं मागतो, यात काहींना विसंगती दिसेल. मला दिसत नाही. एका निर्णयाला विरोध आणि पक्षाला पाठिंबा एकाच माणसात राहू शकतात.

१९८० मध्ये ते मुंबईचे नगरपाल झाले. हे पद मानाचं आहे, अधिकाराचं नाही. पाहुण्यांचं स्वागत, समारंभ, शोकसभा एवढंच त्याचं काम. त्यावरून राजकीय निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

ज्याबद्दल आपण बोलतच नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. बहुतेकांना तो माहीतच नसतो.

१९९० च्या दशकात दिलीपकुमार मुस्लिम ओबीसी चळवळीमागे उभे राहिले. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी ही संघटना बांधली होती. दिलीपकुमार त्यांच्या सभांना गेले, व्यासपीठावर बसले, बोलले. हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

मंडल आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला आणि ऑगस्ट १९९० मध्ये पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी तो लागू करण्याची घोषणा केली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात केंद्राच्या नोकऱ्यांतलं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण कायम ठेवलं, त्यात सधन गट वगळण्याची अट घातली आणि एकूण आरक्षणाला साधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा सांगितली. मंडलने मागासलेपण ठरवताना धर्म पाहिला नाही. सामाजिक, शैक्षणिक आणि आर्थिक स्थिती पाहिली. त्यामुळे मुसलमानांमधल्या अनेक व्यावसायिक जाती ओबीसी यादीत येऊ शकत होत्या: विणकर मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मन्यार, खाटीक अशा.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. 'मुसलमानांना आरक्षण' आणि 'मुसलमानांमधल्या मागास जातींना ओबीसी म्हणून आरक्षण' या वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीत धर्म हा निकष आहे. दुसरीत पठाण, सय्यद, मोगल अशा वरच्या समजल्या जाणाऱ्या घराण्यांना काहीच मिळत नाही, मिळतं ते यादीत नाव असलेल्या जातीला, तिथल्या माळी-साळी-तेली समाजाच्या बरोबरीने. २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांसाठी वेगळं पाच टक्के आरक्षण जाहीर केलं होतं, तो निराळा विषय. दिलीपकुमार ज्या चळवळीत होते ती दुसऱ्या प्रकारची. अनुसूचित जातींच्या यादीत मात्र आजही फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध येतात. त्यामुळे मुसलमानांमधल्या अगदी तळाच्या जातींनासुद्धा ओबीसी हीच एक वाट उघडी होती.

आणि विरोध कुठून झाला? बाहेरून झालाच, पण आतूनही झाला. इस्लाममध्ये जात नाही, तुम्ही समाजात फूट पाडता, असं समाजातलीच वजनदार माणसं म्हणत होती. धर्मात जात नसेल, पण मोहल्ल्यात होती, लग्नाच्या बोलण्यात होती. मालेगावच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या मोमीन मुलाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १८५७ नंतर उत्तरेतून हातमाग घेऊन आलेल्या विणकरांनी ते शहर वाढवलं. आपल्या जुन्या नाशिकमधल्या बागवानपुऱ्यातही धंद्यावरून वस्ती आणि वस्तीवरून ओळख हे सगळ्यांना दिसतंच.

अशा वेळी दिलीपकुमार काय होते? पठाणी घराण्यातला माणूस, देशातला सगळ्यात मोठा मुस्लिम नट. या आरक्षणातून त्यांना स्वतःला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. गमावण्यासारखं होतं, कारण समाजातल्या प्रतिष्ठितांना नको असलेला विषय ते व्यासपीठावरून मांडत होते. सभेला माणसं नटाला पाहायला येतात हे खरं आहे, आणि त्यातली किती जण जातीच्या दाखल्याची माहिती घेऊन घरी गेली हे सांगता येणार नाही. नटावर विसंबलेली चळवळ नट थकला की थकते, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण महाराष्ट्रात फुले-आंबेडकरांनंतर जातीचा प्रश्न मुसलमान समाजाच्या आत नेण्याचं काम फार थोड्यांनी केलं. त्यात या माणसाने आपलं नाव खर्च केलं. त्यांच्या राजकीय वारशात मी हे सगळ्यात वर ठेवतो. 'मुसलमानांचे नेते' असा शिक्का मारणारे हे बघत नाहीत, आणि 'धर्मनिरपेक्ष भारताचं प्रतीक' म्हणून हार घालणारेही बघत नाहीत. दोघांनाही ते जातीविना हवे असतात.

किताब, 'फायर' आणि कारगिल

आता तो प्रश्न. घटनांचा क्रम नीट लावला तर अर्धा गोंधळ कमी होतो.

२३ मार्च १९९८ ला इस्लामाबादेत त्यांना 'निशान-ए-इम्तियाज' हा किताब देण्यात आला. चारच दिवसांपूर्वी अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले होते. मे महिन्यात भारताने आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमसंबंधांवरच्या 'फायर' चित्रपटावरून शिवसैनिकांनी मुंबईतल्या चित्रपटगृहांची तोडफोड केली. दिलीपकुमारांनी इतर कलावंतांबरोबर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांच्या पाली हिलच्या घरासमोर शिवसैनिकांनी नुसत्या अंतर्वस्त्रांवर निदर्शनं केली. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचंच सरकार होतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिल सुरू झालं, आणि बाळासाहेब ठाकरे यांनी किताब परत करा अशी मागणी लावून धरली. ठाकरे आणि दिलीपकुमार यांचा जुना स्नेह होता, त्यामुळे त्या शब्दांची धार दोघांनाही लागली असणार.

म्हणजे किताब घेतला तेव्हा युद्ध नव्हतं. तो स्वीकारल्यानंतर ११ महिन्यांनी खुद्द पंतप्रधान मैत्रीसाठी लाहोरला जात होते. त्यामुळे 'घेतलाच का' या प्रश्नात मला दम वाटत नाही. मोरारजी देसाई यांनाही पाकिस्तानने १९९० मध्ये 'निशान-ए-पाकिस्तान' दिला होता. त्यावरून कुणी त्यांच्या निष्ठेची चौकशी केली नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. संविधानाच्या कलम १८ नुसार भारतीय नागरिकाला परकीय राष्ट्राकडून पदवी घेता येत नाही. पण 'सर', 'रावबहादूर' अशी नावाला चिकटणारी पदवी आणि सन्मान यांत फरक आहे. पद्म पुरस्कारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये हाच फरक केला: नावामागे-पुढे लावला नाही तर पुरस्कार ही पदवी ठरत नाही. तोच तर्क लावला तर इथेही बेकायदा काही नव्हतं.

उरतो तो खरा प्रश्न: युद्ध पेटल्यावर परत करायला हवा होता का? रवींद्रनाथांनी जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये 'सर' ही पदवी सोडली. सन्मान परत करणं ही निषेधाची जुनी आणि सभ्य रीत आहे. देवळालीतला एखादा जवान किंवा त्याचे वडील म्हणत असतील की त्या दिवसांत तो किताब परत गेला असता तर आम्हाला बळ आलं असतं, तर त्या भावनेपुढे मी वाद घालणार नाही.

पण रवींद्रनाथांनी ते स्वतःहून केलं, आणि इथे ते मागितलं जात होतं निष्ठेचा पुरावा म्हणून. ज्या माणसाने उभं आयुष्य या देशात काढलं, त्याच्याकडून असा पुरावा मागितला जातो तेव्हा तो देण्यातच एक कबुली दडलेली असते की आजवर आपली निष्ठा संशयास्पद होती. दिलीपकुमार वाजपेयींना भेटले, आणि त्यानंतर त्यांनी किताब ठेवला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. अधिक सोपा मार्ग समोर असताना त्यांनी तो घेतला नाही.

याला जोडून एक किस्सा सांगितला जातो. कारगिलच्या वेळी वाजपेयींनी नवाझ शरीफ यांना फोन केला आणि मध्येच फोन दिलीपकुमारांच्या हाती दिला, आणि त्यांनी शरीफना सुनावलं, की तणाव वाढला की भारतातल्या मुसलमानांना घराबाहेर पडणं अवघड होतं. हा किस्सा पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांनी २०१५ मध्ये आपल्या आत्मकथनात लिहिला. पण कसुरी स्वतः त्या फोनवर नव्हते, त्यांनी तो शरीफ यांच्या सचिवाकडून ऐकला होता. चाहते त्याचा पुरावा म्हणून वापर करतात. मी करणार नाही. किताब ठेवण्याची बाजू या किस्स्याशिवायही उभी राहते.

राज्यसभा

२००० मध्ये काँग्रेसने त्यांना महाराष्ट्रातून राज्यसभेवर पाठवलं. लता मंगेशकर त्याच काळात राज्यसभेत होत्या, म्हणून अनेकांना दोघांचं सदस्यत्व सारखंच वाटतं. तसं नाही. लताबाई राष्ट्रपतीनियुक्त होत्या. कला, साहित्य, विज्ञान, समाजसेवा अशा क्षेत्रांतले १२ सदस्य असे नेमले जातात, आणि त्यांनी पक्षात शिरायचं ठरवलं नाही तर पक्षादेश त्यांना लागू होत नाही. दिलीपकुमार आमदारांच्या मतांनी, पक्षाच्या तिकिटावर निवडून आले होते. म्हणजे मतदानात पक्षादेश पाळायला बांधील. त्यामुळे त्यांना सवलतही कमी द्यायला हवी. 'ते तर कलावंत, त्यांच्याकडून काय अपेक्षा' हे नियुक्त सदस्याबद्दल एक वेळ चालेल, पक्षाच्या खासदाराबद्दल नाही.

कारगिलच्या वादाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे तिकीट मिळालं. काँग्रेसला त्यातून एक संदेश द्यायचा होता, असं माझं मत आहे. ज्याला त्याला आपापल्या संदेशासाठी ते हवे होते. पण २००० ते २००६ या सहा वर्षांत त्यांनी ओबीसी मुसलमानांचा प्रश्न संसदेत ज्या ताकदीने लावून धरायला हवा होता, तसा तो लोकांच्या लक्षात राहिला नाही. वय ७७ ते ८३. शरीर थकलेलं. मग तिकीट का स्वीकारलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. निवडून आलेल्या राज्यसभा सदस्याला खासदार निधी आपल्या राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात वापरता येतो. त्यांच्या निधीचं ठळक काम म्हणून वांद्र्याचं बँडस्टँड आणि तिथल्या किल्ल्याजवळची बाग सांगितली जाते. काम चांगलं आहे, समुद्रावर फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. पण तो देशातल्या श्रीमंत वस्त्यांपैकी एक भाग आहे, आणि सभा घेतल्या होत्या त्या विणकर-बागवानांच्या गावांत. हे अंतर मला खुपतं.

पुढे आजारपणात ते सार्वजनिक जीवनातून जवळजवळ बाहेरच गेले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी घरी जाऊन त्यांना पद्मविभूषण दिलं. सरकार भाजपचं होतं. जुलै २०२१ मध्ये जुहूच्या कब्रस्तानात शासकीय इतमामात दफन झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते उद्धव ठाकरे. काही जण या दोन घटना दाखवून म्हणतात, बघा, विरोधकांनीही मान्य केलं, वाद संपला. मला ते पटत नाही. सरकारी मानवंदना मिळाली म्हणून १९६२ चा प्रचार शहाणपणाचा ठरत नाही आणि राज्यसभेतली सहा वर्षं भरीव होत नाहीत. ज्या विषयात त्यांनी खरोखर स्वतःला पणाला लावलं तो तर त्या दोन्ही दिवशी कुणाच्या भाषणात ठळकपणे आला नाही. मालेगावच्या मागावरच्या घरातली मुलगी आज ओबीसी दाखला घेऊन अभियांत्रिकीला प्रवेश मागते, तेव्हा त्या दाखल्यामागे ज्यांनी सभा घेतल्या त्यांत देवळालीत शिकलेला एक पठाणही होता, हे तिला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं.